गुहा ठेवली की पाणी बिघडतं, बदललं की चार दिवस बरं, मग परत तेच

तक्रार साधारण अशी असते. टँक जुना, मासे वर्षभर ठणठणीत. हौसेने दगडांची गुहा तयार केली, आत ठेवली. दोन-तीन दिवस सगळं छान. मग काचेवर पांढुरका थर दिसायला लागतो, मासे वरच्या वर राहून भराभर कल्ले हलवतात, एखादा कोपऱ्यात तिरका पडून राहतो. घाबरून अर्धं पाणी बदललं की मासे सावरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा तेच. "काका, पाणी तर परवाच बदललंय की!" हे वाक्य मी अनगोळपासून निपाणीपर्यंत ऐकलं आहे.

अशा वेळी पाणी बदलत राहणं म्हणजे फुटलेलं कौल तसंच ठेवून खाली फरशी पुसत बसणं. बिघाड पाण्यात नाही, गुहेत आहे. जोवर ती टँकमध्ये आहे तोवर नव्या पाण्यातही ती तेच करणार. उलट दर बदलाला पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे बरोबर मधलं) खाली येतो आणि गुहा त्याला परत वर ढकलते. माशांना चढलेल्या पीएचपेक्षा हे खालीवर होणं जास्त सोसत नाही.

बेळगाव शहराला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. दोन्हीकडे पाणी साठतं ते मुख्यतः घाटाकडच्या पावसाचं. असं पाणी सहसा मऊ असतं, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार कमी. गप्पी, एंजल, टेट्रा, ब्रिसलनोज अशा बऱ्याच माशांना आपल्या नळाचं पाणी निभावून नेतं. पण मऊ पाण्याला स्वतःची पकड नसते. बाहेरून थोडा चुना मिसळला की त्याचा पीएच लगेच उडी घेतो. अथणी-रायबागकडे विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर टँक असेल, तर तीच गुहा तिथे तितका त्रास देत नाही. म्हणून "माझ्या मावसभावाकडे तर हाच दगड चालतो" हा पुरावा धरू नका. त्याचं पाणी वेगळं आहे.

आता मासे वर का येतात ते सांगतो, कारण ते कळलं नाही तर उपायही चुकतो. प्रत्येक टँकमध्ये माशांच्या विष्ठेतून थोडा अमोनिया होतच असतो. पीएच ७ असताना, २५ अंश सेल्सिअस तापमानाला, त्यातला अर्धा टक्क्याच्या आसपासच भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हा भाग ५ टक्क्यांच्या वर जातो आणि ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे अमोनिया तेवढाच, मासे तेवढेच, खाणं तेवढंच. फक्त गुहेने पीएच वर नेला आणि काल न बाधणारा अमोनिया आज कल्ले जाळायला लागला. ज्या टँकमध्ये मासे दाटीने आहेत किंवा तळाशी गाळ साठला आहे, तिथे हे आधी घडतं.

मासे आत्ता वर आले असतील तर

गुहा बाहेर काढा, आधी तेवढंच. एअर पंप जोरात चालू ठेवा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खायला घालू नका. पाणी एकदम सगळं बदलू नका. रोज पाचवा हिस्सा, फार तर चौथा, क्लोरीन काढलेलं आणि टँकच्याच तापमानाचं. पीएच उतरवायला म्हणून टँकमध्ये लिंबू पिळणं किंवा व्हिनेगर ओतणं अजिबात करू नका. ते आम्ल चुन्यात खर्ची पडतं, पीएच झपकन उतरून परत चढतो, आणि आधीच दमलेला मासा त्या हिसक्याने जातो. फिल्टरचा स्पंजही या दिवसांत नळाखाली धुऊ नका. अमोनिया खाणारे जिवाणू त्यातच असतात आणि तेच तुम्हाला आत्ता हवे आहेत.

मासे शांत झाले की तपासाला लागा.

बादली खोटं बोलत नाही

दोन बादल्या घ्या. दोन्हींत नळाचं सारखंच पाणी भरा. एकीत गुहा बुडवा, दुसरी नुसती ठेवा. झाकून चार दिवस राहू द्या. रोज साधारण एकाच वेळी दोन्हींचा पीएच मोजा आणि कागदावर लिहून ठेवा.

दुसरी बादली का, असं बरेच जण विचारतात. नळाच्या ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो उडून गेला की पाण्याचा पीएच आपोआप थोडा वाढतो. नुसत्या बादलीशी तुलना केली नाही तर हा वाढलेला आकडाही गुहेच्या नावावर जातो आणि चांगला दगड फेकून दिला जातो. पीएच मोजायचं किट घेतानाही पाहून घ्या. स्वस्तातल्या काही किटांचा रंगतक्ता ७.६ लाच संपतो. त्यात ७.६ आणि ९ दोन्ही सारखेच निळे दिसतात. आपल्याला वरच्या पट्ट्यातलं मोजायचं आहे, तेव्हा ९ किंवा त्याच्या वरपर्यंत रंग दाखवणारं किट हवं.

चार दिवसांनी आकडे वाचा. गुहेच्या बादलीचा पीएच हळूहळू चढून ८.२ ते ८.४ च्या आसपास थांबला असेल, तर दोष दगडाचा आहे. चुनखडक उघड्या हवेतल्या पाण्यात साधारण तिथवरच नेतो, पुढे नाही. आकडा ९ ओलांडून गेला असेल तर दगडावर संशय घेऊ नका, सिमेंट पाहा. ओल्या सिमेंटमधून मोकळा चुना सुटतो आणि त्याचं संपृक्त द्रावण १२.४ पीएचपर्यंत जातं. दोन्ही बादल्यांत आकडा सारखाच राहिला, तर दगड आणि जोड दोन्ही निर्दोष. मग गुहेच्या मागे साठलेली घाण शोधायची. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ही चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोक टाळतात ती तिला चार दिवस लागतात म्हणून. पण गुहा टँकमध्ये ठेवून हेच चार दिवस माशांवर काढण्यापेक्षा बादलीवर काढावेत.

आपल्याकडचे दगड

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की दगड फार थोड्या अंतरात बदलतो. पश्चिमेला खानापूर आणि बेळगावच्या आसपास जांभा. दख्खनच्या पठाराचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, निपाणी-चिकोडीकडे भरपूर. गोकाकला घटप्रभा जिथून ५२ मीटर खाली कोसळते तो कडा वालुकाश्माचा, कठीण, थराथरांचा. आणि त्याच गोकाक तालुक्यातून पूर्वेला यादवाडकडे, पुढे लोकापूर-मुधोळकडे गेलात की चुनखडक लागतो. सिमेंटचे कारखाने तिथे आहेत ते त्यासाठीच. तेव्हा "अण्णा, हा गोकाकचा दगड" एवढ्यावर कुठलाही चपटा दगड उचलू नका. फुटलेल्या, धूळ बसलेल्या तुकड्यात वालुकाश्म आणि चुनखडक रंगावरून ओळखणं अवघड जातं.

ओळखायची रीत सोपी आहे. दगड धुऊन कोरडा करा. खिळ्याने एका जागी घासून थोडी पूड काढा आणि त्या पुडीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बारीक बुडबुडे आले, कान जवळ नेल्यावर चरचर ऐकू आली, तर चुना आहे. पूड काढायचा कंटाळा करू नका. व्हिनेगर सौम्य आम्ल आहे. काही चुनखडक अख्ख्या पृष्ठभागावर गप्प राहतात आणि पुडीवर मात्र फसफसतात. शंका उरली तर एक तुकडा अंगणात नेऊन त्यावर टॉयलेट क्लीनरचे दोन थेंब टाका, हातमोजे घालून, मुलांना लांब ठेवून. तो तुकडा पुन्हा टँकसाठी वापरायचा नाही.

घराच्या कामातून उरलेली फरशी हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हेगार. शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडकच. चपटे, हातोडीच्या एका ठोक्यात तुटणारे, गुहेचं छप्पर करायला सोयीचे, म्हणून मुलं तेच उचलतात. मऊ पाण्याच्या माशांना ते नको. ग्रॅनाइटची पट्टी चालते. इळकलचा लाल ग्रॅनाइट कुणाच्या ओट्याच्या कामातून उरला असेल तर तो बिनधास्त घ्या, फक्त जोड खडबडीत बाजूला येईल असा ठेवा. तिथे तो चांगला धरतो.

याला एक अपवाद आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत सिक्लिड, ज्यांना आपल्याकडची दुकानं सरसकट आफ्रिकन सिक्लिड म्हणून विकतात, त्यांना ७.८ ते ८.६ पीएचचं जड पाणीच लागतं. त्यांच्या टँकमध्ये शहाबादीची गुहा अपाय न करता मदत करते. त्याच टँकमध्ये एंजल सोडले असतील तर मात्र आधी मासे वेगळे करा. दगडाचा प्रश्न नंतर.

काळा दगड चांगला. जड आहे, पाण्यात काही सोडत नाही. पण त्याची भोकं पाहून घ्या. बेसाल्ट लाव्हाचा बनलेला. त्यात वायूचे बुडबुडे राहून गेलेले असतात आणि पुढे ते पांढऱ्या खनिजांनी भरतात. पांढरा ठिपका पुष्कळदा निरुपद्रवी झिओलाइट असतो, कधी कॅल्साइट. कॅल्साइट म्हणजे चुनाच. ठिपक्यावर थेंब टाकून पाहिल्याशिवाय तो तुकडा घेऊ नये. पितळेसारखे चमकणारे कण दिसले तर तो दगड सरळ बाजूला ठेवा. ती धातूची खनिजं असतात.

जांभ्याचा त्रास निराळा. तो पीएच फारसा हलवत नाही, पण पाणी तांबूस करतो, आणि दर वेळी गुहा हलवली की परत करतो. खाणीतून नुकता कापलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून कठीण होत जातो. तेव्हा नवा चिरा आणूच नका. जुन्या गडग्याचा, उन्हापावसात राहिलेला, गडद, वाजवला तर खणखणणारा तुकडा घ्या. भोकांत नळाची जोरदार धार सोडून आतली माती काढा, बादलीत भिजवा, पाणी बदला, आणि पाणी नितळ राहीपर्यंत हेच करत राहा. याला आठवडा लागतो, कधी दोन. ज्याला थांबवत नाही त्याने जांभा वापरू नये. थांबलात तर मात्र त्याच्यासारखा दगड नाही. भोकाभोकांत जिवाणू वसतात, शेवाळ धरतं, आणि ब्रिसलनोज त्यावर दिवसभर चिकटून राहतो.

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्र्यांच्या मागे काळे, भोकाभोकांचे, हलके खडे पडलेले असतात. दिसतात थेट ज्वालामुखीच्या दगडासारखे. ते स्लॅग आहे, भट्टीतला मळ. त्यात चुना असतो, लोखंडाचे कण असतात. कितीही सुंदर दिसला तरी टँकमध्ये घालू नका.

नदीतला गोटा आणताना थोडा विचार करा. एक-दोन गोट्यांनी नदी उघडी पडत नाही, पण पात्रातल्या गोट्यांखालीही मासे राहतात, अंडी घालतात. कृष्णेच्या खोऱ्यातला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोच आज धोक्यात आलेल्या माशांत मोजला जातो, आणि तो अशाच गोट्यांच्या फटींत लपतो. आणि भीमगड अभयारण्यातून काहीही उचलू नये, दगडसुद्धा. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, फार थोड्या ठिकाणी सापडणारं. आपल्या जिल्ह्यात खऱ्या गुहा आहेत आणि त्यांच्यावर असा जीव अवलंबून आहे, हे टँक ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं असं मला फार वाटतं.

दगड उकळून निर्जंतुक करायचा सल्ला सर्रास दिला जातो. करू नका. दगडाच्या आत अडकलेलं पाणी वाफ होऊन तो फुटू शकतो, आणि तो चेहऱ्यासमोर फुटतो. ब्रशने घासा, वरून उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा. साबण नको.

आकडा ९ च्या वर गेला असेल तर

सिमेंटची गुहा वाईट नसते, घाई वाईट असते. गवंडीकामात सिमेंट आठवडाभर ओलं ठेवलं की काम झालं म्हणतात. ते ताकदीपुरतं. मोकळा चुना त्यानंतरही आठवडे झिरपत राहतो. एक भाग सिमेंट, तीन भाग धुतलेली वाळू, आणि पाणी जितकं कमी तितकं चांगलं. पातळ मिश्रण वाळल्यावर सच्छिद्र राहतं आणि जास्त काळ चुना सोडतं. वाळूत शिंपल्यांचे तुकडे नाहीत ना, पाहा. वॉटरप्रूफिंगचं रसायन घालू नका. आठवडाभर ओलं ठेवल्यावर गुहा पाण्यात बुडवा, दर एक-दोन दिवसांनी पाणी फेका. चार ते सहा आठवडे धरून चाला. शेवटी वरची दोन बादल्यांची चाचणी, आणि दोन्ही आकडे जुळले तरच टँक.

पांढरं सिमेंट घेतलं तर चालेल का? चुना त्यातूनही तसाच सुटतो.

गणपतीनंतर मूर्तिकारांकडून उरलेलं पीओपी आणून गुहा करणारेही आहेत. पीओपी घट्ट झालं की जिप्सम होतं, आणि ते लिटरमागे दोन ग्रॅमच्या आसपास पाण्यात विरघळतं. पीएच फारसा बदलत नाही म्हणून बादलीच्या चाचणीत ते पास झाल्यासारखं दिसेल, पण पाणी जड होत जातं आणि गुहा झिजत जाते. शाडू न भाजता वापरला तर सरळ चिखल. दोन्ही नकोत.

जोड सुटतो

दुसरी परत परत येणारी तक्रार ही. सिलिकॉनने चिकटवलेलं छप्पर महिन्याभरात हातात येतं, परत चिकटवलं तरी परत येतं. सुटलेला जोड फेकू नका, उलटा करून पाहा.

सिलिकॉनच्या तळाला बारीक दगडी भुकटी चिकटून आली असेल तर दगडाचा वरचा थर कच्चा होता. तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, वाळवून मग लावायला हवं होतं. जांभ्यावर हे हमखास होतं, म्हणून जांभ्याला सिलिकॉनपेक्षा खाच पाडून एकात एक बसवणं बरं.

सिलिकॉनचा तळ गुळगुळीत आणि किंचित पांढरट पिठूळ असेल तर दगड चुन्याचा किंवा जोडाखाली सिमेंट आहे. वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आम्ल सोडतं. ते चुन्याशी भिडतं आणि मधे क्षाराचा पापुद्रा तयार होतो. अशा पृष्ठभागावर ते कितीही वेळा लावलं तरी धरणार नाही. म्हणजे जोड सुटणं हीसुद्धा दगडाची चाचणीच झाली.

सिलिकॉन दाबल्यावर आतून मऊ, ओलसर असेल तर वेळ दिलेला नाही. ते बाहेरून आत वाळतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. नळीवर २४ तास लिहिलंय ते पातळ रेषेसाठी. दोन दगडांमधला जाड गोळा आठवडा घेतो. वास पूर्ण गेला की समजा. आपल्याकडच्या पावसाळ्यात सिलिकॉन वाळायला अडचण नसते, हवेतल्या दमटपणावरच ते घट्ट होतं. अडचण दगडाची असते. जूनपासून घरातला दगड आतून कोरडा होतच नाही, आणि ओल्या दगडाला सिलिकॉन धरत नाही. गुहा करायची तर मार्च-एप्रिलच्या उन्हात दगड वाळवून करा. बुरशी लागू नये म्हणून औषध घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन येतं, ते माशांसाठी नाही. घेताना नळीवरचं नीट वाचा.

ढासळते

हवेत पक्की वाटणारी गुहा पाण्यात का हलते? पाण्यात दगडाचं वजन जवळपास एक तृतीयांशाने घटतं. दहा किलोचा काळा दगड तिथे साडेसहा किलोच्या आसपासच दाबतो. त्यात फ्लॉवरहॉर्न, कॉन्व्हिक्ट, क्रिबेन्सिस, मलावीचे सगळे, हे उकरणारे मासे. रात्रीतून दगडाखालची वाळू तोंडाने उपसतात.

लोक पडलेला दगड परत वर ठेवतात. दोष वर नसतो, खाली असतो. वाळू काढा. टँकच्या तळावर, जिथे पायाचे दगड येणार तिथे, थर्माकोलची पातळ पट्टी ठेवा म्हणजे काचेला टोक लागणार नाही. पायाचे दगड थेट त्यावर ठेवा आणि हाताने हलवून पाहा. तीन ठिकाणी टेकलेला दगड डुगडुगत नाही, चार ठिकाणी टेकवायला गेलात की डुगडुगतो. छप्पर ठेवा. मग, सगळं झाल्यावर, भोवती वाळू घाला. माशाने वाळू सगळी उपसली तरी पाया काचेवरच आहे. दोन फुटी टँकच्या तळकाचेवर एकाच कोपऱ्यात सगळं वजन येऊ देऊ नका. आणि छपराचा दगड जोडलाच पाहिजे. खाली मासा असताना तो पडला तर वाचत नाही.

पीएच ठीक, तरी मासा आत मरतो

गुहेला एकच तोंड असेल तर आत पाणी फिरत नाही. उरलेलं खाणं, विष्ठा तिथे साठते आणि तेवढ्याच जागेत अमोनिया वाढतो. बाहेरच्या पाण्याची चाचणी स्वच्छ येते, म्हणून कारण सापडत नाही. मागच्या बाजूला बोट जाईल एवढं भोक ठेवा. मागच्या काचेपासून गुहा चार बोटं पुढे असू द्या, म्हणजे सायफनची नळी मागे जाते. सगळी गुहा एका तुकड्यात उचलता यावी, एवढीच मोठी करा. मासा दोन दिवस दिसला नाही तर रात्री दिवा बंद करून टॉर्चने आत पाहा. मेलेला मासा आत कुजत राहिला की बाकीचे त्याच्यामागून जातात.

गोकाकच्या वालुकाश्माच्या ताज्या तुटलेल्या कडा पातीसारख्या असतात. लोच आणि ब्रिसलनोज फटीतून जाताना पर आणि पोट फाडून घेतात, जखमेवर बुरशी येते आणि आपण औषध पाण्यात ओतत बसतो. एका दगडाने दुसऱ्याची कड घासून मोडा. तळहात फिरवल्यावर टोचता कामा नये.

मासे आत जातच नाहीत अशीही तक्रार असते. बहुतेक वेळा तोंड हॉलकडे, माणसांच्या येण्याजाण्याकडे असतं, किंवा गुहा फार ऐसपैस असते. ब्रिसलनोजचा नर अंडी घालायला अंगासरशी बसणारी जागा शोधतो: लांबी साधारण १२ ते १५ सेंटिमीटर, तोंड ४ ते ५ सेंटिमीटर. तोंड बाजूच्या काचेकडे वळवा.

आणि दगडच नको असेल तर

खानापूरची माती आणि तिथलं कुंभारकाम जुनं आहे. ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. झिलई न केलेलं, रंग न दिलेलं, नीट भाजलेलं मडकं किंवा कुंडी पाण्यात काही सोडत नाही. अर्धी फोडा, कड घासा, पालथी ठेवा. बेळगावात जुनी घरं पाडली जातात तेव्हा मंगळुरी कौलांचे ढीग फुकट मिळतात. ती कौलं उत्तम गुहा होतात. आढ्यावरच्या कोन्याच्या कौलांना मात्र चुन्याचा गिलावा चिकटलेला असतो, तो छिन्नीने संपूर्ण काढावा लागतो, नाहीतर परत पहिल्या पानावरच. ज्यांच्याकडे मुलं टँक सांभाळतात त्यांना मी आधी कौलच सुचवतो.

दुरुस्त केलेली गुहा टँकमध्ये ठेवण्याच्या आदल्या दिवशी टँकचा पीएच मोजून लिहून ठेवा. ठेवल्यावर दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी त्याच वेळी, त्याच किटने मोजा, आणि या आठवड्यात पाणी बदलू नका, नाहीतर आकडा काय सांगतो ते कळणार नाही. मासे वर आले तर ही मोजणी तिथेच सोडून गुहा आधी बाहेर. आठव्या दिवशीही फरक ०.२ च्या आत असेल तर गुहा राहू द्या, आणि पाणी बदलण्याचं नेहमीचं वेळापत्रक परत सुरू करा.